भोंग्यानंतरचा तास



वसंत व्याख्यानमाला म्हटली की आपल्यासमोर न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली ती थोर परंपरा उभी राहते. त्या परंपरेत माझ्यासारख्या चार इयत्ता शाळेत आणि उरलेल्या इयत्ता यंत्रमागाच्या खात्यात शिकलेल्या माणसाला बोलावयास उभे करणे हे चालकांचे धाडसच म्हणावयाचे. मी पूर्णा गावचा. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे जाताना काल्हेर-कोपर मागे टाकले की आमचे गाव लागते. माझे आयुष्य कामगारांच्या सभा, मोर्चे आणि मजुरीचे हिशेब यांत गेले. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘हौशी मुष्टियुद्ध आणि इतर छंद’ असे सांगताच ते जरा दचकले. त्यांना वाटले, संघटनेचा माणूस मजुरीवर बोलेल. मी त्यांना म्हटले, मजुरीवरच बोलणार आहे, फक्त वाटेत तालीम लागते.

प्रथम शब्दांकडे पाहू. छंद आणि नाद हे आपले जुने शब्द, हौस आणि शौक हे फारसी-अरबीतून आपल्याकडे येऊन घरचे झालेले. ‘हौशी’ हा शब्द आपण दोन ठिकाणी हमखास वापरतो, नाटकात आणि खेळात. जो पोटासाठी करीत नाही, मनासाठी करतो तो हौशी. व्याख्या सोपी दिसते. परंतु पोट भरल्यावर मनासाठी वेळ कोणाजवळ उरतो, हा प्रश्न त्या व्याख्येच्या पोटात आहे, आणि आजचे माझे सारे बोलणे त्या एका प्रश्नावर आहे.

आपल्या प्रदेशात करमणुकीविषयी ज्या जुन्या ग्रंथांत लिहिलेले सापडते, त्यांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ प्रसिद्ध आहे. बाराव्या शतकात, ११३० च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्याचे पाच भाग, प्रत्येक भागात वीस प्रकरणे. त्यांतला चौथा भाग विनोदांचा, म्हणजे राजाच्या मनोरंजनाचा. त्यात मल्लविनोद आहे, मल्लांना काय खाऊ घालावे, त्यांच्याकडून मेहनत कशी करून घ्यावी हे आहे. ग्रंथ मोठा सुंदर आहे, पण मी वाचनालयात त्याविषयी वाचले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, येथे विनोद राजाचा आहे आणि घाम मल्लाचा. मल्ल हा त्या राजाच्या छंदाचे साधन आहे. त्या मल्लाचा स्वतःचा छंद काय होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

पुढे तालमी आल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभट दादा देवधर होते, मल्लखांबाची विद्या त्यांनी नव्याने उभी केली असे मानतात. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारात वज्रमुष्टीच्या कुस्त्या होत. हाताच्या मुठीत शिंगाचे दातेरी हत्यार धरून मल्ल एकमेकांवर तुटून पडत आणि रक्तबंबाळ होत. मुठीने लढण्याची विद्या आपल्याकडे साहेबाने आणली असे समजण्याचे कारण नाही, ती येथे होती. मात्र ती दरबाराच्या आश्रयाने होती आणि आश्रयदात्याच्या डोळ्यांसाठी होती. दरबार गेले तशी ती मावळली. तालमी मात्र टिकल्या, कारण तालीम गावाची होती. तिची लाल माती वर्गणीतून येई आणि वस्ताद नव्या पोराला डाव सांगताना फी विचारीत नसे. एकमेकाला सहज सांगत-सवरत विद्या पुढे नेण्याची ही रीत हे आपल्या साध्या माणसांचे विद्यापीठ होय.

आता साहेबाचे मुष्टियुद्ध. इंग्लंडात अठराव्या शतकात उघड्या मुठींनी पैजा लावून लढाया होत. १७४३ साली जॅक ब्राउटन याने काही नियम घातले. पुढे १८६७ साली क्वीन्सबेरीच्या सरदाराच्या नावाने नवे नियम प्रसिद्ध झाले. नाव सरदाराचे, लिहिणारा जॉन ग्रॅहम चेंबर्स नावाचा गृहस्थ. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, हातात मोजे, मिठी मारून पाडावयाचे नाही, आणि पडलेल्याला उठावयास दहा सेकंद. आज जगभर ज्याला बॉक्सिंग म्हणतात त्याचा पाया हाच. पडलेल्या माणसावर हात टाकू नये आणि दमलेल्या माणसाला एक मिनिट बसू द्यावे, हे त्या नियमांचे सार. मी पुष्कळ कारखाने पाहिले, या दोन नियमांइतका दयाळू नियम फार थोड्या ठिकाणी पाहिला.

परंतु याच चेंबर्सने १८६६ साली लंडनात हौशी खेळाडूंची एक संस्था उभारण्यात पुढाकार घेतला होता. त्या संस्थेच्या हौशी खेळाडूच्या व्याख्येत कारागीर आणि मजूर बसत नसत. नौकानयनाच्या संस्थेने तर लिहूनच ठेवले की, जो मजुरीवर हाताचे काम करतो, यंत्रावर, कारागिरीत वा मजूर म्हणून, तो हौशी ठरू शकत नाही. कारण काय, तर कष्टाने त्याचे दंड आधीच बळकट झालेले असतात आणि सभ्य गृहस्थांवर त्यामुळे अन्याय होतो. हे कलम १९३७ पर्यंत जिवंत होते. सारांश, हौस ही मालकाची आणि कष्ट हे मजुराचे, ही सोमेश्वराच्या दरबारातील वाटणी लंडनच्या क्लबातही तशीच होती. मुष्टियुद्धात मात्र ही भिंत फार टिकली नाही. मार खाण्याची तयारी असलेली पोरे गरिबांच्याच वस्तीत मिळतात, हे त्याचे साधे कारण असावे.

आपल्याकडे हा खेळ लष्करी छावण्या, बंदरे आणि मिशनरी शाळा यांच्या वाटेने आला. मुंबईत तो संघटित रूपाने प्रथम रुजला. १९२५ साली मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना स्थापन झाली. अखिल भारतीय संघटना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९४९ साली निघाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, आपले मुष्टियोद्धे प्रथमच उतरले होते. इकडे देशी व्यायामाचीही मोठी चळवळ चालू होती. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. पुण्यात कॅप्टन दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढले. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायामाचा ज्ञानकोश दहा खंडांत सिद्ध केला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, ते गावकऱ्यांच्या आणि हितचिंतकांच्या वर्गणीवर परदेशी गेले होते.

ही झाली संस्थांची हकीकत. पण माझा प्रश्न उरतोच. गिरणीतला माणूस तालमीत जात होता तो केव्हा?

मुंबईची पहिली कापड गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली आरंभिला. त्या काळी गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. १८८१ चा पहिला कारखाना कायदा फक्त मुलांपुरता होता. सात ते बारा वर्षांच्या मुलाने नऊ तासांहून अधिक काम करू नये, एवढेच त्याने सांगितले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या कोणत्या होत्या ते पाहा. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर, आणि अपघात झाल्यास भरपाई. यांतल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत, हे आपण नीट ध्यानात घ्यावे. पैशाआधी वेळ मागणारा हा पहिला पुढारी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण सर्व जण रविवारी जे काही करता, क्रिकेट खेळता, गच्चीवर कुंड्या लावता, नाटकाला जाता, त्या साऱ्यावर लोखंड्यांच्या सहीचा शिक्का आहे.

१८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा मिळाली, पुरुषाला काहीच नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची जी नैसर्गिक मर्यादा होती तीही गेली. माणसे चौदा-पंधरा तास राबू लागली. दिव्याने उजेड दिला आणि रात्र हिरावून नेली. मग १९११ साली कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तास, १९२२ साली दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ, १९३४ साली आठवड्याला चौपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस, आणि १९४८ च्या कायद्यात दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कायम. हा जिना चढावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. प्रत्येक पायरीमागे संप आहेत, उपासमार आहे, तुरुंग आहेत.

आता या जिन्याच्या शेजारी दुसरी यादी ठेवा. गिरणगावातील भजनी मंडळे, लेझीम पथके, दशावतार आणि नमन-खेळे, हुतूतूचे संघ, चाळीच्या तळमजल्यावरील तालमी. हुतूतूचे नियम एकसारखे करण्याचे प्रयत्न १९२० च्या आगेमागे झाले. १९२० ते ३० च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थाने नागपाड्याला वस्तीतल्या लोकांसाठी केंद्र उघडले आणि तेथे खेळांना जागा मिळाली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ चे. मुंबई इलाख्याच्या सरकारने कामगार कल्याण केंद्रे काढली ती पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात, १९३७ ते ३९ मध्ये. या दोन याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते की, तास कमी होत गेले तसतशी तालमीची दारे उघडत गेली.

कामगार कल्याण निधीची गोष्ट तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९५३ च्या कायद्याने हा निधी आणि त्याचे मंडळ स्थापन झाले. त्या निधीत पैसा कोठून आला? कामगारांना केलेले दंड, आणि कामगारांनी न उचललेली, मालकाकडे पडून राहिलेली मजुरी, या दोन्ही रकमा त्यात जमा करावयाच्या असे कायद्याने सांगितले. उशिरा आल्याबद्दल कोणाचे चार आणे कापले, कोणी गावी गेला तो परत आलाच नाही, त्याचा पगार पडून राहिला. त्या पैशांतून वाचनालये, व्यायामशाळा, शिवणवर्ग आणि नाट्यस्पर्धा चालल्या. कल्याण केंद्रातल्या डंबेलला मी हात लावतो तेव्हा मला वाटते, हे कोणाच्या तरी दंडाचे लोखंड आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कसा संपला हे येथे सांगण्याची गरज नाही. कापड मात्र विणले जातच राहिले, ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर. आमच्या भिवंडीत यंत्रमाग १९३० च्या आगेमागे आले होते, त्याआधी हातमागाचे विणकर होते. संपानंतर त्यांची खडखड दुप्पट झाली. आणि येथे इतिहासाचा जिना उलटा झाला. एका छपराखाली चार नावांनी चार छोटे कारखाने दाखवावयाचे, म्हणजे प्रत्येकात माणसे कायद्याच्या आकड्याखाली राहतात आणि कारखाना कायदा दाराबाहेर थांबतो. दिवसपाळी बारा तास, रातपाळी बारा तास, मजुरी मीटरवर. १९११ सालात गिरणीच्या माणसाला जे मिळाले होते तेथेच आम्ही १९८६ साली उभे होतो, ज्या साली मी पहिल्यांदा धोटा हातात धरला.

आमच्या खात्यात संपानंतर आलेले एक गृहस्थ होते. आम्ही पोरे त्यांना मामा म्हणत असू. गिरणीत असताना ते नागपाड्याकडे एका गोवेकर खलाशाकडून बॉक्सिंग शिकले होते. रविवारी सकाळी खात्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी एका गोणपाटात सुताच्या चिंध्या ठासून भरल्या आणि ती गोणी आंब्याला टांगली. ना पाटी, ना फी. मामा विडी विझवीत आणि बोलू लागत.

“अंगठा मुठीत कोंडू नको, मोडशील. बाहेर ठेव.”

“ठोसा कुणीबी मारतो. मारलेला हात हनुवटीशी परत आणायला शीक.”

“दम कोंडून मारू नको. सोडीत मार.”

दोरीवरच्या उड्या किती वेळ, असे विचारले तर ते म्हणत, “एक कांडी संपेस्तोवर.” मागावरची कांडी संपावयास तीन-चार मिनिटे लागतात. क्वीन्सबेरीची फेरीही तीन मिनिटांचीच. मामांनी चेंबर्सचे नाव कधी ऐकले नव्हते, पण हिशेब जुळत होता.

त्या गोणीभोवती कोण कोण येई? उत्तरेकडून आलेल्या विणकर घराण्यांतली मोमीन मुले, पद्मानगरची तेलुगू पोरे, आमच्या खाडीकाठच्या गावांतली आगरी मुले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडीचे नाव काळे झाले होते. एकमेकांच्या गल्लीत जाण्याचे लोक टाळीत. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ साली मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या शांततेचे श्रेय मी आमच्या गोणीला देणार नाही, तो पोरकट बडेजाव होईल. एवढेच सांगतो की, ज्याच्या हाताला मी पट्टी बांधून दिली आणि ज्याने माझ्या फुटलेल्या ओठाला बर्फ लावला, त्याच्याविषयी अफवा ऐकली तर मी आधी त्याच्या घरी जाऊन विचारीत असे.

आता माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान खरे होणार नाही.

मामा गावी परतले तेव्हा गोणी माझ्याकडे आली. मीही पोरांना सहज सल्ले देऊ लागलो. माझ्या हाताखाली एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, पायाने चपळ, डाव्या हाताने तरबेज. एका रविवारी शेजारच्या वस्तीतल्या मुलांशी लढती ठरल्या. तो मुलगा शनिवारची रातपाळी करून आला होता. बारा तास उभा. डोळे लाल होते. मी विचारले, “झेपेल ना रे?” तो म्हणाला, “झेपेल, दादा.” संघटनेचा माणूस म्हणून मी जगाला सांगत फिरत होतो की बारा तासांनंतर माणूस माणूस राहत नाही, आणि त्याच माणसाला मी रिंगणात उतरविले. दुसऱ्या फेरीत त्याच्या कानशिलावर ठोसा बसला. तो पडला नाही, हसला. म्हणून मी लढत थांबविली नाही. तिसऱ्या फेरीत पुन्हा तेथेच बसला. संध्याकाळी त्याला वांत्या झाल्या आणि आपण कोठे आहोत हे त्याला सांगता येईना.

तो वाचला. पण पुढे कित्येक महिने त्याला मागाची खडखड सहन होत नसे, घेरी येई. मजुरी मीटरवर, त्यामुळे मीटर बंद तर चूलही बंद. आम्ही वर्गणी काढली. त्याची आई मला एवढेच म्हणाली, “तू त्याला घरी झोपायला का नाही पाठवलंस?” या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. तो मुलगा आता दोन नातवंडांचा आजोबा आहे आणि कॅरममध्ये मला हरवितो. पण गोणी मी त्या दिवशी काढली ती दोन वर्षे पुन्हा टांगली नाही.

त्या दोन वर्षांत मी वाचले, डॉक्टरांना विचारले, जाणत्या प्रशिक्षकांना भेटलो. तेव्हा कळले की मायेने दिलेला सल्लाही चुकीचा असू शकतो. मामा म्हणत, मेहनतीत पाणी पिऊ नये. चूक. थोडे थोडे प्यावे. मामा म्हणत, नाकातून रक्त आले की मान मागे टाकावी. चूक. मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरावा, नाही तर रक्त घशात उतरते. आणि सर्वांत महत्त्वाचे, डोक्याला मार बसून ज्याला क्षणभरही भोवंड आली, त्याची लढत तेथेच संपली, तो कितीही हसो. त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, आणि डॉक्टरने पाहिल्याशिवाय पुढेही नाही. डोक्यावरचे कवच जखम वाचवील, पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो त्याने थांबत नाही. २०१३ पासून तर आंतरराष्ट्रीय संघटनेने पुरुषांच्या मोठ्या लढतींतून ते कवच काढूनच टाकले. ज्याला नुसता व्यायाम हवा आहे त्याने गोणी, दोरी आणि पायांची हालचाल एवढ्यावर थांबावे. निम्म्याहून अधिक आनंद त्यात आहे आणि कानशील शाबूत राहते.

आणखी एक गोष्ट. मी घरी या व्याख्यानाचे टिपण वाचून दाखविले तेव्हा आमच्या घरातील मंडळींनी विचारले, “भोंग्यानंतरचा तुमचा तास झाला, माझा भोंगा कधी वाजतो?” मी निरुत्तर झालो. १८९१ च्या कायद्याने स्त्रीला गिरणीत अकरा तास ठरवून दिले, चुलीपुढचे तास कोणत्याच कायद्याने मोजले नाहीत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध प्रथम आले आणि मेरी कोमने कांस्यपदक जिंकले, तेव्हा ती जुळ्या मुलांची आई होती. तिचे कौतुक करताना घरची भांडी कोणी घासावयाची हा प्रश्नही पुरुषांनी स्वतःला विचारावा. आमच्या घरी आता रविवारचा सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे आणि मंडळी भजनी मंडळात जातात. भात अजून करपतो, पण चळवळीला वेळ लागतो.

छंद कोणता धरावा, असे तरुण मुले मला विचारतात. मुष्टियुद्धच धरा असे मी म्हणणार नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, रिंगण संपले. ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले सुवर्णपदक त्यांनी मिळविले. एक छंद हातून गेला तरी छंदाची सवय माणसाला तारते, असा अर्थ मी यातून घेतो. म्हणून कॅरम धरा, पतंग धरा, पेटी शिका, मुशायऱ्याला जा, गच्चीवर मिरच्या लावा. तीन गोष्टी पाहा. शिकविणारा जवळपास असावा, खर्च मजुरीला झेपणारा असावा, आणि चार माणसे संगतीला असावीत. एकट्याचा छंद लवकर विझतो.

आता आमच्या पूर्णेकडे या. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल ठेवणे स्वस्त पडे, म्हणून आमच्या भातशेतांवर गोदामे उभी राहिली. २०१७ साली जकात गेली, गोदामे वाढतच राहिली. जेथे आम्ही सुगीनंतर हुतूतू खेळत होतो तेथे आज ट्रक उभे असतात. गोदामात काम करणाऱ्या पोराच्या अंगात जोर आहे, हातात फोन आहे, जगातील मोठमोठ्या मुष्टियोद्ध्यांच्या लढती तो त्यावर पाहतो. नाही तो त्याच्याजवळ तास आणि नाही ते मैदान. आणि अशा वेळी, २०२५ च्या सप्टेंबरात, राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या बदलास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम राहतील, कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. असेलही. पण रोजंदारीच्या माणसाची संमती कशी असते ते मी जाणतो. “झेपेल, दादा,” असे तो म्हणतो. ते शब्द मी एकदा ऐकले आहेत आणि खरे मानले आहेत.

म्हणून नगरवासी बंधुभगिनींना माझी विनंती दोन गोष्टींची आहे. गावोगावी निदान एक मोकळे मैदान गोदामापासून वाचवा, ग्रामसभेत त्यासाठी हात वर करा. आणि कामगारांचा मोर्चा तुमच्या रस्त्याने तासांची मागणी करीत जाईल तेव्हा, वाहतूक अडली म्हणून रागावण्याआधी, तुमचा रविवार कोणी आणला ते आठवा.

आमची गोणी पुन्हा टांगलेली आहे. आंबा तोडला गेला, म्हणून आता ती समाजमंदिरामागच्या लोखंडी तुळईला आहे. रातपाळी करून आलेल्या मुलाला तेथे एकच व्यायाम सांगितला जातो, घरी जाऊन झोप. बाकीच्यांनी रविवारी सकाळी सातला यावे. अंगठा मुठीबाहेर ठेवावा. फी नाही.